घड्याळ्याचा हात

…नाही नाही ताई, विचारलंत ते बरोबरच विचारलंत. प्रत्येक आई हेच विचारते – यात पोट भरतं का, की आपला कॉम्प्युटरवरचा नुसता खेळ. भरतं. मी इथला कोच, मला पगार मिळतो, त्या काचेपलीकडच्या पोरांना मिळतो, वर राहायला खोली, दोन वेळचं जेवण. तुमची लेक आज त्यांच्यात बसून खेळतेय ना – ती, कडेच्या खुर्चीत, पाय जमिनीला जेमतेम टेकतायत बघा – शेकडो पोरं अर्ज करतात, त्यातून या वेळी एकटीला बोलावलंय. सोळा ना? मग वेळेवर आलीय. वेळेवर म्हणजे – विशी उलटली की डोळ्याला दिसणं आणि बोट दाबणं यांच्यात जरासं अंतर पडायला लागतं. तुम्हाला कळायचंही नाही, समोरच्या टीमला कळतं. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी आमच्यात माणूस निवृत्त होतो. हसताय? मी चोविसाव्या वर्षी म्हातारा झालो, खरंच सांगतो. पुढे कोच झालो. सगळेच होतात असं नाही – पाच खेळाडूंमागे कोच एकच लागतो.

कागद वाचा सावकाश, घाई नाही. पालकाची सही शेवटच्या पानावर. शाळा? शाळेचं काय, बाहेरून परीक्षा देता येते की. आत्तापर्यंत किती जणांनी दिली – आता तुम्ही विचारताच आहात तर – कुणी नाही. दिवसाचे बारा तास खेळल्यावर पुस्तक कोण उघडतंय!

कोण, तो फोटोतला? आमचा घड्याळ्या. खरं नाव वेगळं, पण टायमिंग असं की सगळे घड्याळ्याच म्हणायचे. ट्रॉफी डाव्या हातात धरलीय, हो. उजवा मागे. तुमची नजर चांगली आहे ताई, आजवर कुणी विचारलं नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी आला. वडील शिंपी, तुमच्यासारखेच इथे बसून कागद वाचत होते, बोट फिरवत एकेक ओळ. मला म्हणाले, सर, दुकान याला नकोय, पण पोरगा उपाशी राहू नये एवढंच बघा. मी म्हटलं, मी आहे ना! दोन वर्षं पोरानं नाव काढलं. मग काय झालं – खेळ बनवणाऱ्या कंपनीनं एका सकाळी खेळच बदलला. हो, बदलतात, त्यांचा खेळ आहे, कोण विचारणार? खेळातल्या ज्या हत्याराच्या जोरावर तो जिंकायचा त्याची ताकद अर्धी केली. दोन वर्षांचा सराव पाण्यात. दुसरा कुणी रडला असता. हा बारा तासांचे पंधरा करून बसला, नव्यानं शिकायला. जेवताना डाव्या हातानं चमचा, उजवा माऊसवर. मी कौतुक करायचो, बाकीच्यांना सांगायचो – बघा, याला म्हणतात जिद्द.

मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. आठवड्यातून एकदा फिजिओ बाई यायच्या, त्यांनी हात तपासला, बाहेर येऊन माझ्या हातात चिठ्ठी दिली – सहा आठवडे माऊसला हात लावायचा नाही, नसेच्या डॉक्टरला लगेच दाखवा. माझ्या हातात, कारण नियमच तसा आहे, तब्येतीचं खेळाडूला थेट सांगायचं नाही, पोरं घाबरतात, जे काय ते कोचला. हो – चौथ्या पानावर. आहे अजून तो नियम.

फायनलला तीन आठवडे होते.

मी त्याला म्हटलं, स्नायू आखडलाय, पट्टा बांध आणि खेळ. तो म्हणाला, सर, बाई एवढंच म्हणाल्या? मी म्हटलं, एवढंच. – असं बघू नका ताई. तुम्ही इथे नव्हता. वरून, मालकांकडून रोज फोन यायचा, या वेळी नाही जिंकलात तर टीमच बंद करतो म्हणून, पाच जण घरी गेले असते, मी गेलो असतो, मला दुसरं काय येतं? एकासाठी पाच… म्हणजे तेव्हा मी हिशोब असाच मांडला.

जिंकलो. शेवटच्या फेरीत त्याची बोटं मिटेनात, तर तळहातानं माऊस ढकलत खेळला तो. लोक उभे राहून ओरडत होते आणि हा खाली मान घालून हाताकडे बघत होता. ऑपरेशन झालं पुढे. डॉक्टर म्हणाले, एवढे दिवस काय करत होता? आता नस मेलीय. दवाखान्याच्या जिन्यात शिंप्यानं मला गाठलं, विचारलं, कुणी सांगितलं नाही का हो याला? आणि मी बोलून गेलो – सांगितलं होतं, विश्रांती घे म्हणून, ऐकलंच नाही त्यानं. तोंडातून निघून गेलं. मग परत कसं घेणार?

एकदाच गेलो त्यांच्या दुकानात. पोरगा दाराशी बसलेला, गिऱ्हाईकांशी बोलायला. कात्री धरता येत नाही, शर्टाचं बटण बाप लावून देतो, तेवीस वर्षांच्या मुलाचं. शिंप्यानं मला स्टूल पुसून दिलं, म्हणाले, सर, तुमचा काही दोष नाही, तुम्ही सांगितलं होतंत, आमचंच कार्टं हट्टी. समोरच बसला होता तो. त्याला माहीत होतं मी काही सांगितलं नव्हतं. बघत राहिला माझ्याकडे. एखादी शिवी दिली असती तर…

काय? नाही, हिचा हात ठीकच असेल. दोनदा मनगट झटकलं तिनं मघाशी, खेळताना, तेवढंच. तुम्ही पाहिलं नाहीत? मी पाहिलं. आम्ही तेच बघतो. घरीही झटकते? कधीपासून?

…नाही. त्या शिंप्याला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही मुलीचं विचारायला आलात ना? मग तेवढंच विचारा.

द्या तो कागद इकडे. द्या म्हणतो ना! सही नका करू. तिला सांगा, सर म्हणाले चाचणीत पास झाली नाहीस. – झाली हो, पहिल्या तासातच झाली, गेल्या पाच वर्षांत असं पोर पाहिलं नाही मी, पण तुम्ही तिला हे सांगायचं नाही. रडेल. रडू दे. चार दिवस तुमच्याशी बोलणार नाही, नाही तर नाही. आणि इथून थेट डॉक्टरकडे, घरी नाही. आजच.

उठा ताई. सामना संपला, येतेय ती. माझ्याकडे बघू नका, दरवाजा तिकडे आहे.