ग्राहक या पत्त्यावर राहत नाही

इफ्फत : मावशी, तुमचं पार्सल परत सोमाटण्याला गेलं.

झुंबरबाई : परत? आगं, काल तर लोनावळ्यात आलंय म्हनलीस.

इफ्फत : आलं होतं. सकाळी मेसेज, 'डिलिव्हरीसाठी निघाले'. संध्याकाळी मेसेज, 'सोमाटणे गोडाऊनला पोचले'.

झुंबरबाई : मग बराबर हाय की. डिलिव्हरीला म्हायेरीच जात्यात.

इफ्फत : हसा! ही तिसरी खेप आहे त्याची.

झुंबरबाई : तीन बाळंतपनं? लय लेकुरवाळं निघालं गं तुझं पार्सल.

इफ्फत : माझं कुठलं? कानाचं मशीन आबांचं, ऑर्डर आबांच्या नावावर, फोन नंबर आबांचा. मी बेकरीत बसून माझ्या मोबाईलवर नुसतं बटण दाबलं, म्हणून मेसेज मला येतात. आणि ऐका, उद्यापासून ते कंपनीकडे परत निघणार. परत मागवलं तर दीड महिना.

झुंबरबाई : दीड म्हैना? न्हाई गं बाई, तसं नगं करू.

इफ्फत : मी काय करतेय? काय झालं मावशी, एवढ्या घाबरलात?

झुंबरबाई : परवा आमचं मालक, तुझे आबा, हायवे वलांडत हुते. मागनं टेम्पो हार्न मारतोय, मारतोय, ह्यांना पत्ताच न्हाई. मी हितनं वरडले, ते बी ऐकलं न्हाई. टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला म्हनून निभावलं. तवापासनं ते दूध आनायला गेले तरी माजा जीव टांगनीला लागतो. दीड म्हैना कसा काढायचा मी?

इफ्फत : मग उचलत का नाही फोन? बघा, पहिल्या दिवशी लिहिलंय, 'ग्राहक फोन उचलत नाही'.

झुंबरबाई : त्यांना वाजल्यालं ऐकू आलं तर उचलतील ना. ऐकू आलं असतं तर मशीन कशाला मागवलं असतं?

इफ्फत : म्हणजे मशीन आलं की फोन ऐकू येणार, आणि फोन ऐकू आला की मशीन येणार. छान! बरं, दुसऱ्या दिवशी, 'ग्राहक घरी नाही'.

झुंबरबाई : ते खरं हाय. तळेगावला गेलतो आमी, डागदरकडं.

इफ्फत : आणि काल, 'ग्राहक या पत्त्यावर राहत नाही'. आता हे काय नवीन? काल तर तुम्ही दोघं दिवसभर घरात होता. कोणी आलं नाही?

झुंबरबाई : न्हाई बा.

इफ्फत : मावशी.

झुंबरबाई : एक हेल्मेटवाला आलता. पन तो काय खोकं घिऊन आला न्हवता. गाडी लांब लावलेली. नुसतं इचारत हुता.

इफ्फत : काय विचारत होता?

झुंबरबाई : हेच की, ते हितं राहत्यात का.

इफ्फत : ते म्हणजे कोण?

झुंबरबाई : ते म्हंजी ते. त्याच्या मोबाईलवर नाव अर्धंच दिसत हुतं म्हनं. मला म्हनतो, तुमच्या मालकाचं पुरं नाव सांगा.

इफ्फत : मग सांगितलं?

झुंबरबाई : मी कशी सांगनार?

इफ्फत : म्हणजे?

झुंबरबाई : सत्तेचाळीस वर्सं झाली लग्नाला. उखान्याबिगर नाव न्हाई घेतलं कदी. आनि त्या हेल्मेटवाल्याला घडाघडा सांगू?

इफ्फत : या अल्ला! मग काय म्हणालात त्याला?

झुंबरबाई : म्हनलं, मला न्हाई सांगता येनार. तो म्हनला, नवऱ्याचं नाव म्हाईत न्हाई? म्हनलं, म्हाईत हाय, पन येत न्हाई तोंडात. त्यानं माज्याकडं असं बघितलं, आन् गेला.

इफ्फत : घरात आबा बसले होते ना! बोलवायचं त्यांना.

झुंबरबाई : हाका मारल्या की! पाच मारल्या. ऐकतंय कोन?

इफ्फत : थांबा, मी गोडाऊनला फोन लावते. मीच सांगते नाव.

(इफ्फत फोन स्पीकरवर ठेवते.)

प्रदीप : सोमाटणे गोडाऊन, प्रदीप बोलतोय.

इफ्फत : वलवणचं पार्सल आहे, मेहबूब बेकरीच्या मागचं घर. तुमच्याकडे परत आलंय. उद्या पाठवा ना, माणूस इथंच राहतो.

प्रदीप : एक मिनिट. मॅडम, यावर शेरा आहे. 'घरातील महिलेस नाव विचारले, सांगता आले नाही.' तुम्ही घरातल्या का?

इफ्फत : शेजारची.

प्रदीप : मग नाही जमणार. घरातल्या माणसाने नाव सांगायला हवं. ते स्वतः असतील तर द्या त्यांना.

इफ्फत : त्यांना ऐकू येत नाही. पार्सलात कानाचं मशीनच आहे.

प्रदीप : मग त्या बाईंना द्या.

इफ्फत : मावशी, बोला. घ्या नाव.

झुंबरबाई : इफ्फत, तू नगं गं अशी बघू माज्याकडं.

इफ्फत : लाजताय काय? आमची अम्मी पण अब्बांना 'इफ्फतचे अब्बा' म्हणते, नाव घेत नाही. पण टेम्पो आडवा आला ना, तर घेईल हो.

झुंबरबाई : ...दादा, उखान्यात घेतलं तर चालंल का?

प्रदीप : कशात?

इफ्फत : चालेल, चालेल. तुम्ही घ्या!

झुंबरबाई :
वलवनच्या धरनाला काठोकाठ पानी,
अंबाजीरावांचं नाव, पडू दे त्यांच्या कानी.

प्रदीप : ...वा, मावशी! अहो, सगळं गोडाऊन ऐकतंय इथं. आडनाव?

झुंबरबाई : वाळुंज. ते सांगाया कसली लाज, ते माजं बी हाय.

प्रदीप : झालं कन्फर्म. उद्या अकराच्या आत मी स्वतः घेऊन येतो.

इफ्फत : बघा, आला पण मेसेज, 'उद्या डिलिव्हरी'. आता याचं चौथं बाळंतपण सासरी.

झुंबरबाई : गप गं. फोन ठिव आदी.

इफ्फत : आणि आबा बघा! ओट्यावर बसून शेंगा सोलतायत. सत्तेचाळीस वर्षांनी बायकोने नाव घेतलं, गोडाऊनभर ऐकू गेलं, अन् ह्यांना पत्ता नाही.

झुंबरबाई : असू दे. लय चढून बसले असते.

इफ्फत : उद्या मशीन घातलं की परत घ्या. मी पेढे घेऊन येते.

झुंबरबाई : नाव न्हाई घ्यायची.

इफ्फत : मग काय बोलणार पहिलं? सांगा की.

झुंबरबाई : काय न्हाई. मागं हुबी राहून हळूच 'अहो' म्हनीन. दोन वर्सं झाली गं, त्यांनी वळून 'ओ' दिली न्हाई.