एक दिवसाआड

घमापुरातील एका सेवाभावी संस्थेच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. समोर राखी सिस्टरांनी शेवंताबाईंचा रक्तदाब दोनदा मोजला. दोन्ही वेळा तो एकशे सत्तर भरला. त्यांचे यजमान गुलाबराव यांनी खुर्ची जवळ ओढली.

“दोन महिन्यांआधी एकशे तीस होता. गोळी घेऊन राहिली ना तू?”

“घेऊन राहिली. एक दिवसाआड.”

“एक दिवसाआड काहून? रोजची सांगितली आहे.”

“संस्था विजय नगरात मोठी बिल्डिंग बांधून राहिली. मग इथं कोण बसणार? म्हटलं, आहेत त्या पुरवून वापराव्या.”

“मला विचारायचं होतं.”

“तुम्ही म्हणाल, चलो, ऑटोनं तिकडं जाऊ. या गुडघ्यांनी?”

“राखी दीदी, इथलं सेंटर बंद होणार का?”

“नाही काकाजी. तिथे दुसरं उघडणार. इथे तर गुरुवारसोबत आता सोमवारीही डॉक्टर बसतील, अन् मागच्या खोलीत शिवणवर्ग सुरू होईल.”

“हे सगळं लिहून दिलं आहे कुठं?”

“दारावर नोटीस आहे, काकू.”

“जा, वाचून या. तारखेसकट.”

गुलाबराव दारापर्यंत गेले आणि नोटीस पूर्ण वाचून परतले.

“येत्या सोमवारपासून. सही-शिक्का आहे. किती गोळ्या साठवल्या?”

“बावीस.”

“एकदम बावीस घेऊ नको म्हणजे झालं.”

“अच्छा. मग आजची घेऊ?”

“आजची घे. अन् उद्याचीही.”