वाया जाईन म्हणून घेतलेलं कार्ड

प्रवासाच्या सवलतीचं कार्ड परवडते काय म्हणता? मंग आमचं ऐका आधी.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, साठ सालाच्या आगेमागे, माहा एकुलता एक भाऊ वारला. बार्शीटाकळीले माहेरी एकटी माय उरली. अन् आमच्याकडची रीत अशी, का माहेरचा माणूस घ्यायले आल्याबिगर बाईनं दिवाळीले माहेरी जायचं नाही. आता मले घ्यायले कोण येणार?

दिवाळीच्या तोंडावर आमचे हे अमरावतीच्या मोटार-एजंटाकडून एक कार्ड घेऊन आले अन् सासूबाईले म्हणाले, "माय, नवरा-बायको संगं गेले तं अर्धंच तिकीट लागते. पण दिवाळीपर्यंतच चालते. नाही गेलो तं वाया जाईन."

सासूबाई पैशाच्या पक्क्या. म्हणाल्या, "मंग जा ना बापा, तूच घेऊन जा तिले! कार्ड काहून बुडवतं?"

अकोल्याच्या मोटारीत मी खिडकीपाशी बसली. कंडक्टरनं कार्ड उलटंसुलटं करून पाह्यलं. "भाऊ, हे तं नागपूरच्या गाडीचं हाये. इकडे नाही चालत."

"मले मालूम हाये," हे हळूच म्हणाले. "तू दोन पुरे तिकिटं फाड. अन् हळू बोल, तिले ऐकू जाईन."

मले ऐकू गेलं होतं. मी खिडकीबाहेर पाहत राह्यली.

पुढच्या दिवाळीले कार्डाची मुदत कवाच सरली होती. मीच ते पेटीतून काढलं, सासूबाईसमोर आमच्या यायच्या हातात देल्लं अन् म्हटलं, "चला, वाया जाईन."