चौदा भांडी

टायरच्या दुकानात डेल्बर्ट पेपर तोंडापुढं धरून बसला होता, पण कान सगळे मागच्या बाकावर. तिथं हार्लन होता, ज्याची बायको थंडीत वारली, आणि त्याच्याच चर्चमधली विल्मा.

"हार्लन, मयताच्या वेळी मी जेवण आणलं होतं ना, त्याचं निळं भांडं कुठंय?"

"घासून ठेवलंय. बुडाला तुझ्या नावाची चिकटपट्टी आहे. चौदाच्या चौदा भांड्यांना ज्याच्या त्याच्या नावाची आहे."

"चौदा! अरे, अख्ख्या चर्चची भांडी तुझ्या कपाटात! चार महिने झाले, परत का नाही केलीस?"

"रिकामं भांडं देऊ नये म्हणतात. आणि मला अंडी उकडण्यापलीकडं काय येत नाही."

"खोटं बोलू नकोस. चर्चच्या वडीलमंडळात आहेस तू, शोभतं का तुला?"

"भांडी दिली की संपलं गं, विल्मा. मग दार कोण वाजवणार? निदान भांडं मागायला तरी कुणी येईल, म्हणून वाट बघतो."

"आणि आम्ही म्हणतोय, बिचारा दुःखात आहे, त्याला भांडं कसं मागायचं!"

दोघं हसत सुटले. डेल्बर्टचा पेपरही हलायला लागला.

"रोज प्रार्थनेत सांगतो मी, प्रभू, कुणाला तरी धाड."

"तो धाडतोच आहे रे. आम्हीच येडे, लाजत बसलो. रविवारी तेरा भांडी घेऊन ये. भर सगळ्यांत उकडलेली अंडी!"

"आणि चौदावं? तुझं?"

"ते राहू दे तुझ्याकडंच. दर मंगळवारी येऊन भरत जाईन मी."