रिकाम्या रकान्यातला अंगठा

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. पेटीवाले, सूर तेवढा धरून ठेवा, बारीक. आज तुम्हाला एक सवाल करतो. एका घरात दोन लेकरं. ऐपत एकालाच शिकवायची. एक शिकलं, एक राहिलं. आता सांगा — जे शिकलं, ते कुणाच्या जिवावर शिकलं? आईबापाच्या? का त्या राहिलेल्याच्या?

लगेच माना डोलवू नका. ते खांबाला टेकलेले काका तर झोपेतच डोलतायत. आधी ऐका.

कौसल्या नावाची बाई. इथून फार लांबची नाही. वय सेहेचाळीस. नवरा वारलेला, लेक सासरी. तालुक्याला मुलींचं वसतिगृह आहे, तिथल्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. रोजच्या चारशे पोळ्या! पोरी हाक मारायच्या, "ओ पोळ्यांच्या बाई, अजून एक वाढा."

आणि या बाईच्या मनात काय? तिलाही बाईच व्हायचं होतं — पण शाळेतल्या. हातात खडू घेऊन फळ्यापुढं उभ्या राहतात ना, त्या बाई. सातवीत शाळा सुटलेली. पण चिवट! सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली, बारावी दिली. मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाली. पीठ मळताना इतिहास पाठ करायची, सन आठवेना झाला की तव्यावरची पोळी करपायची. मग बी.एड.ची सीईटी दिली. आणि मंडळी, नंबर लागला.

नंबर लागला, पण फी? दोन वर्षांची फी पोळ्या लाटून कशी उभी राहायची? गेली बँकेत. कुठल्या बँकेत ते विचारू नका, आपल्याला काय करायचंय. तिथले साहेब तरुण, पण माणूस भला. म्हणाले, "मावशी, शिक्षणासाठी कर्ज मिळेल. वयाचं मी वरिष्ठांशी बोलतो. फक्त हा रकाना भरून आणा."

रकान्यावर छापलेलं होतं — पालक किंवा सहकर्जदार यांची सही.

कौसल्या म्हणाली, "साहेब, या वयात पालक कुठून आणू?"

"पगारदार माणूस पाहिजे, कुणीही चालेल. भाऊ आहे ना?"

"आहे की."

"मग झालं तर."

झालं म्हणे! साहेबांना बहीण नसावी, म्हणून इतकं सोपं वाटलं. फी भरायला दहा दिवस होते, पण फॉर्म चार दिवसांत बँकेत द्यायचा होता.

तिनं घरी बसून फॉर्म भरला. तो रकाना मोकळा ठेवला. फॉर्म पिशवीत घातला, पिशवी खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी कागद दाखवायला बँकेत गेली, तर साहेब म्हणतात, "मावशी, अंगठा कुणाचा घेतलात हा? अंगठा चालत नाही, सही लागते."

कौसल्या वाकून बघते, तर मोकळ्या रकान्यात अंगठा उमटलेला. जांभळ्या शाईचा. मधोमध एक तिरकी पांढरी रेघ.

तिनं कागद झटकन ओढून घेतला. का? सांगतो.

तिच्या आईला लिहिता येत नव्हतं. गवत कापताना विळा लागला होता, उजव्या अंगठ्यावर तिरकी खूण राहिली होती. कौसल्या सातवी पास झाली, त्या उन्हाळ्यात आई तिला घेऊन शाळेत गेली, हेडमास्तरांच्या टेबलावरच्या जांभळ्या शाईत अंगठा बुडवला आणि दाखला काढून घेतला. कारण धाकटा भाऊ पाचवीत होता. त्याला तालुक्याच्या शाळेत घालायचं होतं. आई म्हणाली, "कवसे, त्याचं मार्गी लागू दे, पुढच्या वर्षी तुझं बघू." ते पुढचं वर्ष आलं नाही. आणि आई जाऊन आता सहा वर्षं झाली, मंडळी.

कौसल्येनं हे काही साहेबांना सांगितलं नाही. म्हणाली, "चुकून झालं असेल, दुसरा फॉर्म द्या." तिथंच टेबलाशी बसून तिनं दुसरा फॉर्म भरला. भरदिवसा, अकरा वाजता, साहेबांच्या डोळ्यांसमोर. रकाना कोरा. साहेब पिन मारायचं यंत्र घ्यायला वळले आणि परत फिरले.

अंगठा! तिरक्या रेघेसकट. शाई इतकी ओली, की कागद उचलताना साहेबांच्या बोटाला लागली. कौसल्येचे दोन्ही हात पदरात. टेबलावर शाईचा पॅड नाही. त्या बँकेत पॅड होता तो कॅशियरच्या जाळीआड, कुलपात.

साहेब उठले, हात धुऊन आले. पुन्हा गेले, पुन्हा धुऊन आले. बोट जांभळंच. हळू आवाजात म्हणाले, "मावशी, ज्यांचा अंगठा आहे, त्यांना घेऊन या."

"त्या गेल्या, साहेब. सहा वर्षं झाली."

साहेबांनी ड्रॉवरमधून तिसरा फॉर्म काढला, दोन बोटांनी धरून तिच्यापुढं सरकवला. म्हणाले, "भावाकडं जा. आजच जा."

गेली. भाऊ चांगला पगारदार, चार लोकांत मान असलेला. दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत पदवी टांगलेली. येणाऱ्याला आधी पदवी दिसायची, मग भाऊ! बहिणीला चहा दिला त्यानं, नाही म्हणायचं नाही. फॉर्म मात्र उघडलासुद्धा नाही.

"अक्का, हे काय वय आहे का?" म्हणाला. "तू फेडत बसशील साठ वर्षांची होईपर्यंत. मधेच काही झालं तर बँक माझ्या दारात. मला कागदोपत्री अडकवू नकोस."

किती शहाणा बघा! हसा, हसा तुम्ही. असल्या माणसाला हसायलाच पाहिजे.

कौसल्या रडली नाही. कपबशी विसळून ठेवली. म्हणाली, "नाना, तू पाचवीत होतास तेव्हा मी काही विचारलं नव्हतं." आणि फॉर्म टीपॉयवर तसाच ठेवून निघून गेली.

दुपारी भाऊ जेवून आडवा झाला. उठला तर बायको म्हणाली, "अहो, चौकटीवर हा डाग कसला?" तिनं फडकं घेऊन काच पुसली. डाग जाईना. कसा जाईल? डाग काचेच्या आत होता. पदवीच्या कागदावर, भावाच्या नावाच्या बरोबर खाली, जांभळा अंगठा.

त्यानं कपाट उघडलं. दहावीचं गुणपत्रक काढलं — अंगठा. बारावीचं — अंगठा. नोकरीचा नेमणूक आदेश, प्लॅस्टिकच्या पाकिटात चिकटवून ठेवलेला — त्यावरही. जिथं जिथं त्याचं नाव होतं, तिथं खाली आई. त्यानं एका अंगठ्यावरून बोट फिरवलं. मंडळी, कागद सपाट असतो की नाही? ती रेघ बोटाला लागली. खरखरीत. लहानपणी आई घास भरवायची, तेव्हा हीच रेघ गालाला घासायची. भाऊ तिथंच जमिनीवर बसला. अंगावर काटा, आणि डोळ्यांना धार.

ही गोष्ट कधीची, विचाराल. परवाची. परवा दुपारची.

आणि हेही विचाराल — तुम्हाला हे सगळं बारीकसारीक कसं ठाऊक, बुवा? त्या घरात तुम्ही होता का?

होतो. मीच होतो.

पेटीवाले, आता सूर बंद करा. मघाशी ज्या भावाला तुम्ही हसलात, तो हा तुमच्यासमोर फेटा बांधून उभा आहे. सकाळी शाळेत मास्तर, संध्याकाळी तुमचा बुवा. तुम्ही वाकून ज्याच्या पाया पडता, त्याला सख्ख्या बहिणीसाठी एक सही जड झाली! बँकेतलं सगळं तिनं चहा पिताना सांगितलं होतं, मला खरं वाटलं नव्हतं. परवापासून चार वेळा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आलोय. लाज वाटते हो. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि माझ्यासाठी शाळेतून उठली. माझी पहिली पाटी तिचीच होती.

हा बघा तो फॉर्म. उद्या बारा वाजेपर्यंत बँकेत गेला नाही, तर तिची जागा दुसऱ्याला जाईल. आणि हा रकाना — पुढच्या रांगेतल्यांना दिसेल. घरून निघालो तेव्हा कोरा होता. आता बघा. घाबरू नका, आई तुमच्यासाठी आलेली नाही.

मृदंगवाले, पेन द्या तुमच्या खिशातलं.

ही केली सही. आईच्या शेजारी. नाव वाचता येतंय, बघा. उद्या बँक उघडायच्या आधी मी अक्काला घेऊन दारात उभा असेन. आणि सहीपुरतं नाही, हप्त्यालाही उभा राहीन, हे तुमच्या साक्षीनं बोलतो.

माझं झालं. आता तुमचं. तुमच्यात शिकलेले बसलेत, साहेब बसलेत, दोन मास्तर तर मला इथूनच दिसतायत. आज घरी गेल्यावर बहिणीला फोन लावा. तब्येत-पाणी नंतर विचारा. आधी विचारा — ताई, तू कितवीत शाळा सोडलीस? आणि कुणासाठी सोडलीस? ती हसण्यावारी नेईल. तुम्ही फोन ठेवू नका, ऐका तिचं.

ते ऐकून झालं, की मग खुशाल माझ्या पाया पडायला या. आज कुणी पडू नका.