आखूड फळी

लेक: अहो फादर, असेलच कुठेतरी! सकाळपासून चारही शुभवर्तमानं चाळली मी. बाबा छातीठोकपणे सांगायचे, बायबलात आहे म्हणून.

फादर: अगं, चाळीस वर्षं वाचतोय मी. नीट सांग बरं, कुठली गोष्ट?

लेक: येशूचा बाप योसेफ सुतार एका श्रीमंताचा पलंग करत असतो. दोन बाजूंच्या फळ्यांतली एक आखूड कापली जाते. बिचारा डोक्याला हात लावून बसतो. तर छोटा येशू म्हणतो, दोन्ही फळ्या एका टोकाला जुळवा, ते टोक तुम्ही धरा. आणि दुसरीकडून ओढून फळी लांब करतो! आमच्या सुतारकामाच्या कारखान्यात कुणाचं माप चुकलं की बाबा हीच गोष्ट सांगायचे. उद्या त्यांना माती देताना मला तीच वाचायचीय. दुसरं काही नको.

फादर: थांब. मागच्या खोलीतून एक पुस्तक आणतो... हे बघ. बायबलात न घेतलेली लिखाणं. शिकत असताना घेतलं, मग उघडलंच नाही. बालपणाच्या गोष्टी... पलंग... अरेच्चा! आहे की! अगदी टोकं जुळवण्यासकट!

लेक: बघा! म्हणजे बाबा थापा नव्हते मारत!

फादर: पण त्यांना कुठून कळली? ते तर...

लेक: शाळेची पायरी नाही चढले. त्यांना त्यांच्या उस्तादांनी सांगितली, उस्तादांना त्यांच्या उस्तादांनी. मग बाहेर का ठेवली हो? कुणाचं काय बिघडलं असतं?

फादर: येशूनंतर शे-दीडशे वर्षांनी लिहिलेली. कुणी, पत्ता नाही. आणि हे ऐक. धक्का लागला म्हणून तो एका पोराला शाप देतो, पोरगं जागीच मरतं.

लेक: बाई गं! हे नाही कधी सांगितलं बाबांनी.

फादर: म्हणजे त्यांनीही काही घेतलं, काही गाळलं.

लेक: मग उपयोग काय असल्या पुस्तकाचा?

फादर: मीही तेच म्हणायचो. पण बघ ना, बायबलात जन्मानंतर एकदम बारा वर्षांचा येशू भेटतो आपल्याला. मधे तो घरात काय करायचा, बापाच्या हाताखाली असायचा का, हे कुणालातरी फार जाणून घ्यायचं होतं. त्या माणसांचं मन तरी इथे कळतं. मजा आहे, इतकी वर्षं कपाटात पडलं होतं! पण पोरी, उद्या वाचन म्हणून नाही चालायचं. ते बायबलातलंच हवं.

लेक: फादर, मी बाबांची शवपेटी करतेय. त्यांनीच जपून ठेवलेल्या सागाची. आज झाकणाची फळी चार बोटं आखूड कापली मी. डोळे भरलेले, खूण दिसलीच नाही. आता तसलं लाकूड शिल्लक नाही. फार वाईट वाटतंय हो.

फादर: अरे देवा... अशा वेळी बाबा काय करायचे? खरोखर ओढत थोडेच असतील?

लेक: जोड द्यायचे. पण शोधून सापडणार नाही असा. लहानपणी मला वाटायचं, ओढलीच. तुमच्या चर्चच्या ह्या लाकडी वेदीलाही आहे की. त्यांनीच केलीय ना ही?

फादर: काहीतरीच काय!

लेक: वरून नाही दिसायचं. खालून बघा, डावीकडे.

(फादर कापड उचलून वेदीखाली वाकतात.)

फादर: कुठे? काही लागत नाही हाताला... थांब, थांब. बारीकशी रेघ आहे. अगं, तीस वर्षं मी हिच्यावर बायबल ठेवतोय!

लेक: बाबांनी शपथ घातली होती, फादरना सांगू नकोस, रागावतील.

फादर: रागावलोच असतो तेव्हा. ऐक, उद्या माझं वाचन झालं की तू उभी राहा आणि गोष्ट सांग. वाचू नकोस. ते सांगायचे तशी सांग.

लेक: आणि फळीचं काय? जोड देताना दुसरं माणूस लागतं. इतके दिवस बाबा असायचे.

फादर: चल. कुठलं टोक धरायचं, तेवढं दाखव.