बरणीतला वास

मुलगी: पण त्यासाठी डॉक्टरांकडे कशाला गेलीस?

आई: नाक दाखवायला. बरणीचा वास येईनासा झाला, मला वाटलं माझंच नाक गेलं. डॉक्टर म्हणाले, नाक ठणठणीत आहे. मग तुला बोलावलं. वर्गभर पोरांना रसायनशास्त्र शिकवतेस, आईला एका बरणीचं सांग.

मुलगी: बाबांची शेवटची बरणी?

आई: दुसरी कुठली? ह्यांनी केलेलं बाकीचं व्हिनेगर हे गेले तेव्हाच दुकानदारांनी नेलं. ही तीन वर्षं तशीच आहे. फडकंसुद्धा ह्यांनीच बांधलेलं.

मुलगी: गाठ सैल दिसतेय.

आई: रोज संध्याकाळी सोडते, पुन्हा बांधते. ह्यांच्या शर्टांना हाच वास असायचा. शर्ट मी मूर्खासारखे धुऊन टाकले. मग राहिलं काय माझ्याकडे?

मुलगी: थांब, शाळेतून निळा कागद आणलाय. आंबट असेल तर लाल होईल.

(मुलगी कागदाची पट्टी बरणीत बुडवते. दोघी बघत राहतात.)

आई: निळाच राहिला की गं.

मुलगी: आई, व्हिनेगरमध्ये शंभरात पाचेक भाग आम्ल. बाकी सगळं पाणीच असतं.

आई: मग ते पाच भाग गेले कुठे?

मुलगी: थोडे उडाले. बरणीत असतो द्रव, पण त्याची वाफ होऊन नाकाशी येते तेव्हा कुठे वास येतो.

आई: म्हणजे रोज हुंगून हुंगून मीच संपवलं?

मुलगी: नाही गं, तेवढ्याने संपत नाही. यात आंबवलेला रस कधी घातलास?

आई: थेंबसुद्धा नाही. माझ्या हातचं मिसळलं तर ह्यांचं कसं राहील?

मुलगी: तिथेच चुकलं. वरची ही साय जिवंत आहे, जंतूंची. रसात दारू तयार झालेली असते, ती खाऊन साय आम्ल करते.

आई: तीस वर्षं बघितलंय मी. मला नको शिकवू.

मुलगी: दारू संपल्यावर काय होतं ते नाही बघितलंस. बाबांनी कधी संपूच दिली नाही. संपली की साय आपलंच आम्ल खायला लागते. शेवटी उरतं पाणी.

आई: म्हणजे उपाशी ठेवलं मी. ह्यांचं म्हणून जपलं, आणि पाणी केलं त्याचं.

मुलगी: साय बाबांनीच लावलेली आहे. अजून तग धरून असेल. रस घालून बघू.

आई: घाल. पण ते नवीन होईल गं. मला ह्यांच्या हातचं हवं होतं. एकदाच.

मुलगी: आई, माझ्या पर्समध्ये एक बाटली आहे.

आई: कसली?

मुलगी: याच बरणीतली. बाबा गेले त्या आठवड्यात भरून घेतली होती. काठोकाठ, घट्ट बूच लावून. तुला सांगितलं नव्हतं. आत हवाच नाही, आणि हवेशिवाय साय आम्ल खात नाही, त्यामुळे तसंच असणार.

आई: तीन वर्षं? आणि तू वास घेतला नाहीस?

मुलगी: एकदाही नाही. उघडली तर उडून जाईल, अशी भीती वाटायची. फार आठवण आली की नुसती हातात धरून बसायचे.

आई: वेडी कुठली. आण इकडे.

मुलगी: उघडू?

आई: थांब. आधी खिडकी लावून घे.